खालून दुसरं बटण

४ सप्टेंबर

धाकट्या,

पोरांना माझ्या दारात सोडून तू गाडी पकडलीस, त्याला आता दोन आठवडे होतील. दोन्ही पोरं धडधाकट आहेत आणि मीही आहे. एवढं आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. फोनचं मात्र नाव काढू नकोस. तुझ्या त्या पुलाच्या कामावर फोन लागायला टेकडी चढावी लागते, आणि मागच्या वेळी तू टेकडी चढून फोन केलास तर तुझा आवाज ऐकून तुझी लाडकी मुंगी कपाटात जाऊन बसली, ती जेवायच्या वेळीच बाहेर आली. त्यापेक्षा पत्रं बरी.

वकील मजेत आहे. सहा वर्षांच्या माणसाला इतके मुद्दे सुचतात कसे रे? दात घास म्हटलं की विचारतो, "आत्या, हे पडणारेच दात आहेत ना? मग कशाला?" गिऱ्हाइकासमोर असलं काही बोलला की मला हसू आवरत नाही आणि टाचणी बोटात जाते. मुंगीचं मात्र मला काही कळत नाही. साडेचार वर्षांची पोर, पण विचारलं तेवढंच बोलते. ताटातलं अर्धं तसंच ठेवते आणि माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून बसून राहते. हट्ट नाही, रडणं नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता काल काय झालं ते ऐक. रविवार म्हणून दुकान बंद होतं. दुकान म्हणजे काय, माझी पुढची खोलीच. सकाळी दोघं आपणहून आली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. आधी वकील, त्याच्या शेजारी मुंगी. टाचा जुळवलेल्या, हनुवट्या वर. म्हटलं, काय रे, कसली कवायत? मला वाटलं, शिंपिणीच्या घरी राहायला आलीत, नवे कपडे हवे असतील. गळ्यातला टेप काढला आणि दोघांची मापं घेतली. खांदा, छाती, कंबर, बाही, सगळं रीतसर. वकील म्हणाला, "असं नसतं." आणि मुंगीने भोकाड पसरलं. म्हणजे रडली एकदाची, पण ती अशी रडायला नको होती.

रविवारी पाठमोरं उभं राहून तुमच्या घरी काय करतात? लवकर कळव. माप घेतल्यावर रडणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही.

तुझी ताई


१३ सप्टेंबर

ताई,

पत्र वाचून आधी खूप हसलो. मग क्रेनच्या केबिनमध्ये चढलो आणि वर एकटाच होतो म्हणून थोडं रडूनही घेतलं. क्रेनची एवढी एक सोय आहे.

सांगायचं राहूनच गेलं बघ. आमच्याकडे रविवारी मापं असतात, पण टेपची नाहीत. त्यांची आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. एका रविवारी कुठेतरी जायचं म्हणून मी शर्ट चढवला आणि कुठे जायचं तेच विसरून खोलीत नुसता उभा राहिलो. त्या दिवसांत माझं असं व्हायचं. मुंगी चालत आली आणि माझ्या पोटाला पाठ टेकून तीही उभी राहिली. तेव्हा ती शर्टाच्या सगळ्यात खालच्या बटणालाही लागत नव्हती. मी आपलं सहज म्हटलं, "अगं, अजून पहिलं बटणसुद्धा नाही?" वकील धावत आला, त्यालाही बटण हवं. झालं, तेव्हापासून दर रविवारी हेच. दोघं पाळीपाळीने पाठ लावून उभी राहतात, मी त्यांच्या डोक्यावर तळहात आडवा धरतो आणि खालून मोजून बटण सांगतो. मग टाळूवर एक फुंकर. फुंकर कशाला ते मला विचारू नकोस, तो नियम वकिलाचा आहे.

दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य. पण त्या दोन मिनिटांसाठी दोघं शनिवारपासून मागे लागतात. त्याआधी आमचे रविवार फार वाईट जायचे गं. घरात तिघं असून कुणी बोलायचं नाही.

मी निघायच्या आदल्या रविवारी मुंगी पहिल्यांदाच खालून दुसऱ्या बटणाला लागली. सगळ्या गल्लीला सांगून आली. वकील तिसऱ्याला.

अजून एक आहे, डावं-उजवं. संध्याकाळी फिरायला निघायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर एकेकाने सांगायचं, डावं की उजवं. मोठ्या माणसाला मत नाही. कुठे पोचायचंही नसतं. करून बघ, पाय मोकळे होतील.

इथलं काम जोरात आहे. साहेब म्हणाले, पूल जुळेपर्यंत टिकलास तर क्रेन कायमची तुझी, आणि पुढच्या कामावर राहायला दोन खोल्या, पोरांसकट. आजवर मी खाली उभा राहून हुक अडकवत आलो, वर बसायची संधी पहिल्यांदाच मिळतेय. म्हणून तर पोरं तुझ्या गळ्यात टाकून आलो, ताई. नाहीतर त्यांना सोडून कुठे गेलो असतो?

तुझा धाकटा


२६ सप्टेंबर

क्रेनवाले साहेब,

एवढंच होतं होय! पोरांबरोबर कपड्यांच्या तीन पिशव्या पाठवल्यास, त्यात ही एवढी माहिती घालायला काय झालं होतं? असो. प्रश्न सोडवलेला आहे.

माझ्या कपड्यांना बटणं पाठीवर असतात, त्यामुळे माझा काही उपयोग नाही. म्हणून तुझा शर्टच शिवला. तुझं माप मला पाठ आहे. निळ्या चौकडीचं कापड उरलं होतं, त्यात तू अगदी बेताने बसलास. सात बटणं, सगळी सारख्या अंतरावर, काजं हाताने केलेली. आतल्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीत खिळा ठोकला आणि हँगरवर टांगला शर्ट. लांबून बघितलं तर तूच उभा.

रविवारी दोघांना हाक मारली. मी तळहात धरायला गेले तर वकील म्हणाला, "आत्या, तू बाजूला हो, तुला नियम माहीत नाहीत." मी दारात उभी राहिले. त्याने मुंगीला उभं केलं, तिच्या डोक्यावर हात धरला. मुंगीने मागे वळून शर्टाकडे पाहिलं आणि एकदम गप्प झाली. वकीलसुद्धा गप्प. एवढ्याशा जिवांना बापाचा शर्ट बघून आनंदाने बोलताच येईना! त्यांना त्यांच्या बापापाशी सोडून मी आपली मशीनवर जाऊन बसले.

डावं-उजवं पण केलं. दोघांची मतं अशी पडली की आम्ही त्याच सायकलवाल्याच्या दुकानासमोरून चार वेळा गेलो. चौथ्या वेळी तो म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?" वकील म्हणाला, "नाही काका, आम्हीच हरवतोय." मी रस्त्यात मोठ्याने हसले. किती वर्षांनी मी काही आणायचं नसताना घराबाहेर पडले असेन, आठवत नाही.

मुंगी अजून मशीनखालीच बसते. पण कान इकडे असतात. काल एका बाईंना मी नेहमीसारखं बजावत होते, कापड आधी पाण्यात घालून आणा, नाहीतर शिवल्यावर आटलं तर माझ्या नावाने ओरडाल. तर खालून ही विचारते, "सगळंच आटतं?" म्हटलं, सगळंच आटतं बाई, नवं असेल तर हमखास. धंदा शिकतेय पोर.

तुझी ताई


६ ऑक्टोबर

ताई,

शर्ट शिवलास! इथे ज्याला त्याला सांगितलं. आता सगळे मला बटणवाला म्हणतात. मुकादम तर वर बघून ओरडतो, "बटणवाले, हुक सोडा!" चालेल मला.

महिन्याच्या पहिल्या तारखेचं एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी आम्ही उशा पायथ्याशी ठेवून उलटं झोपतो. सकाळी डोळे उघडले की खिडकी भलतीकडे, दार भलतीकडे. तिकीट न काढता परगावी जाऊन आल्यासारखं वाटतं. वकिलाला विचार, तो दाखवेल.

पण मुंगी कितव्या बटणाला लागली ते तू लिहिलंच नाहीस. तेवढं कळव. आता ती दुसऱ्याच्या वर गेली असेल.

धाकटा


२१ ऑक्टोबर

धाकट्या,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

मुंगी अंघोळ करत नाही. आधी मला वाटलं, थंडी वाजत असेल. पाणी गरम केलं, साबण बदलला, गोष्टी सांगितल्या. काही उपयोग नाही. बादलीचा आवाज आला की दाराची चौकट धरून असा आकांत करते की शेजारीण धावत येते. गेले पंधरा दिवस झोपेत ओल्या फडक्याने पुसून घेतेय तिला. आता तर तोंडही धुऊ देत नाही. पाणी प्यायला दिलं तर ओठ ओले करते आणि पेला खाली ठेवते. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, कान पाहिले, सगळं ठीक आहे म्हणाले. घर बदललंय, वेळ द्या म्हणाले. वेळ मी देईन रे, पण पोर वाळत चाललीय त्याचं काय?

रविवारच्या मापाला उभीच राहत नाही. शर्टाकडे पाठ करून बसते. शेजारीण म्हणाली, बापाचा शर्ट डोळ्यांसमोर टांगलात, पोर झुरणारच. मला ते पटलं. हौसेने केलेलं अंगाशी आलं. काल शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला. वकिलाला विचारलं तर तो म्हणतो, "मला काही सांगायचं नाही." त्याला काही सांगायचं नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

मला मूल नाही, धाकट्या. मला कापड कळतं. ते खेचलं जातंय की सैल पडतंय हे बोटांना कळतं. या पोरीचं मला काहीच कळत नाही. ये आणि घेऊन जा, असं मी लिहिणार नव्हते. पण माझ्या हातून तिला काही झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू? मला जमत नाही.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

मी येतोय. दहा तारखेला पगार होईल, त्याच संध्याकाळी निघतो. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तू गेलास की क्रेनवर दुसरा बसेल, माझा इलाज नाही. त्यांचंही बरोबर आहे. क्रेन पुन्हा मिळेल, नाहीतर हुक आहेतच. तू स्वतःला दोष देऊ नकोस. मला जमत नाही असं मी दोन वर्षं रोज म्हणत होतो. फक्त ते लिहायला मला कुणी नव्हतं. मी तुलाही लिहिलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, वेडा आहेस का, जमवायचं.

एक मात्र डोक्यातून जात नाही. मुंगी मापाला नाही म्हणते, हे मला खरं वाटत नाही. अंगात ताप असतानाही ती पाठ लावून उभी राहिलेली आहे. आणि तू मला अजून सांगितलं नाहीस, ती कितव्या बटणाला लागली? वकिलाला विचार. तिच्या पोटातलं सगळं त्याला माहीत असतं. फक्त "काय झालं" असं विचारू नकोस, त्याला तो प्रश्न आवडत नाही. नेमकं विचार.

धाकटा


५ नोव्हेंबर

धाकट्या,

येऊ नकोस! हे पत्र तातडीच्या टपालाने टाकतेय. तुझ्या निघण्याआधी मिळालं तर साहेबांचे पाय धर, पण क्रेन सोडू नकोस. सगळं उलगडलं. आता शांतपणे वाच, मीच शांत नाहीये.

काल तुझं पत्र आलं. मुंगी मशीनखाली झोपली होती. मी वकिलाला कापड कापायच्या टेबलावर बसवलं, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि नेमकं विचारलं.

"मुंगी कितव्या बटणाला लागली होती?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे?"

"पहिल्याच्या पण खाली. मी तिसऱ्यावर होतो तर पहिल्यावर आलो. आम्ही आटलोय."

"आटलोय?"

"तूच सांगतेस ना सगळ्यांना, पाण्यात घातलं की आटतं? बाबा एक दिवसाआड अंघोळ घालायचा. तू रोज घालतेस."

मी म्हटलं, अरे मग तू कसा रोज अंघोळ करतोस? तर म्हणाला, "मी मोठा आहे, मी थोडा आटलो तरी उरतो. ती आधीच लहान आहे. ती संपून जाईल." आणि मला सांगितलं का नाहीस? "तू बाबाला लिहिलं असतंस. मग तो क्रेन सोडून आला असता."

धाकट्या, या पोराला मी वकील म्हणून हसत होते. एवढं ओझं घेऊन तो महिनाभर गप्प बसला होता. मी त्याला पोटाशी घेतलं आणि आम्ही दोघंही रडलो.

मग ट्रंकेतून शर्ट काढला. टेप लावला. खांदा बरोबर, लांबी बरोबर, बटणांची अंतरं बरोबर. मग पोरं कमी कशी भरली? भिंतीकडे बघत बसले आणि तो खिळा दिसला. आम्ही शिंपी माणसं खांद्यापासून खाली मोजतो. खांदा जमिनीपासून किती वर आहे, हे आम्हाला कधीच लागत नाही. तुझी मापं मला सगळी पाठ, पण तुझी उंची मला ठाऊकच नव्हती. खिळा मी तुला मनात उभं करून ठोकला होता. तू लहानाचा मोठा झालास, एक दिवस माझ्या डोक्यावरून गेलास, तेव्हापासून तू मला ताडमाड वाटत आलास. तेवढा तू नाहीस रे. दोन बटणांच्या हिशोबाने चांगला वीतभर कमी आहेस.

आता हे मुंगीला पटवायचं कसं? ती आली त्या दिवशीचा फ्रॉक घातला तिला. म्हटलं, बघ, बाही दोन बोटं वर गेली, म्हणजे तू वाढलीस. पण तिचा वकील शेजारी उभा! म्हणाला, "फ्रॉक धुतलाय. फ्रॉक आटला असेल." माझंच शास्त्र माझ्यावर उलटलं. मग तिचे बूट आठवले. आल्यापासून कपाटात पडलेले, पाण्याचा थेंब न लागलेले. घालायला गेलो तर अंगठा पुढे दाबला गेला आणि टाच बाहेर. वकिलाने बुटात बोट घालून सगळीकडून तपासलं आणि म्हणाला, "मान्य." मुंगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग मला म्हणाली, "मग बाबा तिकडे मोठा झाला?"

अंघोळीला तरी तयार होईना. शेवटी भिंतीला उभी करून डोक्यापाशी खडूने रेघ मारली, अंघोळ घातली आणि ओल्या अंगानेच परत उभी केली. डोकं रेघेला बरोबर टेकलं. पुन्हा आत गेली, पुन्हा पाणी अंगावर घेतलं, पुन्हा रेघ. तीन वेळा झालं हे. घरभर पाणी. चौथ्यांदा तिला उगाचच जायचं होतं. नंतर दोन पेले पाणी प्यायली आणि ताट चाटूनपुसून जेवली.

आता एक काम कर. अनवाणी उभा राहा आणि जमिनीपासून सगळ्यात खालच्या बटणापर्यंत दोरा धरून दुसऱ्या कुणाला तरी तोडायला सांग. तो पाकिटात घालून पाठव. अंदाजाने काही करू नकोस.

तुझी ताई


१० नोव्हेंबर

ताई,

पिशवी भरून तयार होती. मुकादमाने पाकीट हातात दिलं तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. तसाच साहेबांकडे पळालो. ते म्हणाले, "तुझं काय ते एकदा नक्की कर." पण हसत होते. पत्रातला बुटाचा भाग त्यांना वाचून दाखवला, तर म्हणाले, हा मुलगा मोठा झाला की आमच्याकडे तपासणीला पाठव.

दोरा सोबत आहे. जेवण बनवणारे काका जमिनीवर पालथे पडले आणि त्यांनी खालचं टोक धरलं, मुकादमाने वरचं तोडलं. बाकीचे भोवती उभे राहून मी टाचा उचलत नाही ना, ते बघत होते. वर गाठ मारलीय, ती बटणाची जागा. मी एवढाच आहे, ताई. माफ कर.

तुला मी ताडमाड वाटतो, ते वाक्य मात्र मी परत परत वाचलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुझ्या लेखी मी कायम शेंबडाच.

तुझा वीतभर कमी धाकटा


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

नवा खिळा ठोकला. दोऱ्याचं खालचं टोक मुंगीने जमिनीशी धरलं, वरची गाठ वकिलाने सगळ्यात खालच्या बटणाला लावली, मी फक्त हातोडी मारली. मग मापं झाली. मुंगी दुसऱ्या बटणाला पक्की लागली, उलट केसभर वरच. वकील तिसऱ्याच्या वर. फुंकर मी मारली, दोघांना. मुंगी सायकलवाल्याला सांगायला एकटीच पळाली आणि वकील तिच्या मागे, वाट चुकेल म्हणून.

शर्ट वाईट दिसतो आता. तुला बुटका केल्यासारखं वाटतं. सवय होईल.

मुंगी मशीनखालून बाहेर आलीय. संध्याकाळी दुकान आवरताना मी दोरीला लोहचुंबक बांधून जमिनीवरून फिरवते, सांडलेल्या टाचण्या उचलायला. ते काम आता माझ्याकडून काढून घेतलंय. दोघं आळीपाळीने चुंबक ओढतात, टाचण्या डबीत टाकतात, आणि शेवटची टाचणी ज्याला सापडेल त्याने दुकानाचा दिवा बंद करायचा. शेवटची कुठली हे कसं ठरवतात, मला विचारू नकोस. परवा सगळ्या उचलून झाल्या, तर मुंगीने माझी नजर चुकवून डबीतली एक परत खाली टाकली. मी पाहिलं, पण बोलले नाही.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

पूल जुळला! दोन्ही बाजू नदीच्या मधोमध भेटल्या तेव्हा शेवटचा तुकडा माझ्या हुकाला होता. खाली टाळ्या वाजत होत्या, मला वर ऐकू येत नव्हत्या, नुसते हात दिसत होते. क्रेन माझी झाली. पुढचं काम तुझ्यापासून बसने तीन तासांवर आहे, दोन खोल्या मिळाल्यात, जवळ शाळा आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी पोरांना न्यायला येतो. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही, म्हणून फेडतच नाही.

धाकटा


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. आनंद झाला. कपडे सगळे धुऊन, बटणं लावून ठेवते. मुंगीचे फ्रॉक खाली उसवून वाढवलेत, अजून वर्षभर जातील. वकिलाला नवे बूट लागतील. शर्ट घेऊन जा, मला काय करायचाय? खोली मोकळी होईल, मशीनखाली पाय पसरता येतील. लग्नसराईची कामं पडून आहेत ती उरकतील. तुझीच पोरं आहेत, तुझ्याकडेच शोभतात. गाडी किती वाजता येते ते कळव.

ताई


१० मार्च

ताई,

आम्ही नीट पोचलो. खोल्या छान आहेत. खिडकीतून क्रेन दिसते. वकिलाने शेजाऱ्यांशी पहिल्याच दिवशी वाद घातला आणि जिंकला.

आज इथला पहिला रविवार. मी शर्ट घातला, तू शिवलेला. मापं झाली. मुंगी दुसऱ्याच्या चांगली दोन बोटं वर गेलीय, मला खरंच वाटेना. मी शर्ट काढायला लागलो तर ती म्हणाली, "आत्ता नाही. आत्याचं राहिलं." मी म्हटलं, आत्या तिकडे आहे. "मग ती तुझ्या कितव्या बटणाला लागते ते सांग." मी विचार करायला लागलो. कॉलरला? त्याच्या खालच्याला? मी म्हटलं, अंदाजे वरून दुसरं असेल. वकील म्हणाला, "अंदाजाने काय होतं, ते आत्याला विचार." मग दोघं माझ्यासमोर मांडी घालून बसली. माप अर्धं राहिलंय म्हणाली. दुपार झाली, ताई, मी अजून शर्टातच आहे.

त्या दिवशी स्टँडवर निरोप देताना तू मान वळवून उभी होतीस. मला वाटलं, तुला सुटल्यासारखं झालं असेल. पण मग ते पत्र पुन्हा वाचलं, कपड्यांचं. तू आयुष्यात इतकं कोरडं कधी लिहिलं नाहीस.

दुकान रविवारी बंदच असतं. शनिवारी संध्याकाळची बस आहे. येशील?

धाकटा


१४ मार्च

धाकट्या,

सुटल्यासारखं? घर खायला उठतं रे. शनिवारी दुकान आवरताना चुंबक हातात घेतलं आणि तसंच खुंटीला लावलं. टाचण्या दोन दिवस जमिनीवर होत्या. लग्नसराईची कामं पडून आहेत हे खरं, पण मी मशीनवर बसते आणि खाली वाकून बघते. पोरं गेली तेव्हा मी रडले नाही, कारण रडले असते तर मुंगीने गाडीतून उडी मारली असती. तुझी गाडी वळली आणि मग मी त्या सायकलवाल्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसून मनसोक्त रडले. तो बिचारा दोन वेळा चहा घेऊन आला.

मापाचं म्हणशील तर मी आधी हसले. मग कात्री खाली ठेवून विचार करत बसले. गावातल्या अर्ध्या लोकांच्या खांद्याला माझा हात लागलाय. माझे कपडे मात्र मी जुन्यावरून बेतते, नाहीतर आरशात बघून अंदाजाने. माझ्या अंगाला टेप लावून माझं माप आजवर कुणी घेतलेलं नाही. कधी तसं मनातही आलं नाही.

शनिवारी पाचच्या बसने निघते. स्टँडवर तिघंही या.

तुझी ताई